विचार करून सांगतो: जपानमधील विद्यार्थी-मिशनरींचा उन्हाळा

जपानमधील उन्हाळी विद्यार्थी-सेवा म्हणजे अमेरिका, दक्षिण कोरिया, सिंगापूर अशा देशांतल्या ख्रिस्ती महाविद्यालयीन मुलामुलींनी सुट्टीत सहा ते आठ आठवडे जपानला जायचे, तिथल्या विद्यार्थ्यांशी मैत्री करायची आणि जमल्यास त्या मैत्रीतून सुवार्ता सांगायची. यातली मैत्री सहसा जमते. गट आठ-दहा जणांचा असतो. बरोबर एखादा वडीलधारा प्रमुख, एक तरी गिटार आणि घरून आणलेला शेंगदाण्याच्या लोण्याचा डबा असतो. यजमानपद एखादे स्थानिक चर्च पत्करते, नाहीतर विद्यार्थ्यांची संघटना. १९४७ साली स्थापन झालेली ‘किरिसुतोशा गाकुसेई काई’, म्हणजे केजीके, ही खुद्द जपानी ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना आहे. पाहुण्यांच्या उत्साहाला वेळापत्रकात बसवण्याचे काम अशा यजमानांकडे येते, आणि ते सोपे नसते.

पहिली अडचण धर्माची नसून दिनदर्शिकेची आहे. अमेरिकेतली विद्यापीठे मे महिन्यात सुटतात, त्यामुळे गट जूनच्या आरंभी पोहोचतो. जपानचे शैक्षणिक वर्ष सुरू होते एप्रिलमध्ये. पहिल्या सत्राच्या परीक्षा जुलैच्या अखेरीस लागतात, ऑगस्ट उजाडता उजाडता संपतात आणि मग सप्टेंबर सरत येईपर्यंत सुट्टी. म्हणजे पाहुणे मोकळे असतात तेव्हा जपानी विद्यार्थी वर्गात, पाहुणे रंगात येतात तेव्हा तो ग्रंथालयात, आणि तो अखेर मोकळा होतो तेव्हा पाहुणे विमानात. शिवाय जून ते जुलैचा मध्य हा टोकियोकडे पावसाळा. ‘त्सुयु’ नावाचा हा पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही. दिवसचे दिवस नुसता गळत राहतो. उन्हाळी उपक्रमाचा पहिला महिना त्यामुळे पारदर्शक प्लॅस्टिकच्या छत्रीखाली जातो. ही छत्री कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळते, आणि सगळ्यांकडे हुबेहूब तीच असल्यामुळे उपासना संपल्यावर कोणी कोणाची नेली हे दारातल्या छत्र्यांच्या स्टँडलाच ठाऊक.

या उपक्रमाची परंपरा मात्र लांबची आहे आणि तिचा एक धागा थेट गोव्याला जाऊन मिळतो. कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक जपानी माणूस मायदेशातून पळून मलाक्का बंदरात आला. तिथे त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. पुढे गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकून १५४८ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. जपानात कोणी ख्रिस्ती होईल का, असे झेवियरने त्याला विचारले होते. आंजिरोचे उत्तर, झेवियरच्याच पत्रांवरून पाहता, असे की लोक आधी पुष्कळ प्रश्न विचारतील, मग तुमचे वागणे पाहतील आणि मग ठरवतील. जपानी माणसाने मिशनरीला इतके स्पष्ट उत्तर दिल्याचा प्रसंग त्यानंतर फारसा आला नसावा. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर कागोशिमाला उतरला, दोन वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला आणि भाषेपुढे जेरीस आला. आज त्याचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात आहे.

दुसरा धागा वसईचा. गोन्सालो गार्सियाचा जन्म वसईचा. बाप पोर्तुगीज, आई स्थानिक. पोरवयातच तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा उत्तम शिकला, मधे काही वर्षे व्यापार केला आणि मग मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीपुढे उभे राहिले तेव्हा दुभाषा होता हा वसईकर. वारे फिरले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रूसावर चढवले गेले, त्यांत गोन्सालोही होता. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. सुवार्तेसाठी जपानला जाणाऱ्याने भाषा किती शिकावी, या प्रश्नाचे वसईने दिलेले उत्तर इतके खणखणीत आहे की आठ आठवड्यांत ‘सुमिमासेन’पर्यंत, म्हणजे ‘माफ करा’पर्यंत, पोहोचणाऱ्या गटप्रमुखांनी ते फार ताणून धरू नये.

पुढचा इतिहास शाळेतल्या धड्यासारखा नीट लागतो. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानात तीनेक लाख ख्रिस्ती असावेत असा अंदाज आहे. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने सबंध देशात बंदी घातली. पुढे संशयितांना येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन सुटका करून घ्यावी लागे. तरीही नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतून काही कुटुंबांनी धर्मगुरूवाचून, पुस्तकावाचून अडीचशे वर्षे श्रद्धा जपली. १८६५ मध्ये ओउरा इथे नवे चर्च उभे राहिल्यावर उराकामी गावचे काही लोक आत आले आणि मरियेची मूर्ती कुठे आहे, असे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूला हळूच विचारले. बंदी १८७३ मध्ये उठली. त्यानंतर फारसे कोणी अडवले नाही, ख्रिस्ती शाळा निघाल्या, विद्यापीठे नावारूपाला आली, मासायोशी ओहिरा, तारो आसो, शिगेरु इशिबा अशी ख्रिस्ती माणसे पंतप्रधान झाली, आणि ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास येऊन थांबली. छळाच्या काळात ज्या धर्मासाठी माणसे सुळावर गेली, त्याच धर्माला सौजन्याच्या काळात अनुयायी मिळेनात. अभ्यासकांनी याची कारणे बरीच दिली आहेत. उन्हाळी गटाला ती विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये पहिल्याच आठवड्यात कळतात.

विद्यार्थ्यांमधल्या कामाचे सर्वात गाजलेले उदाहरण सप्पोरोचे. १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे विल्यम क्लार्क तिथल्या शेतकी महाविद्यालयात शिकवायला आले. धर्मोपदेशक नव्हे, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्राचे माणूस. जेमतेम आठ महिने राहिले आणि तेवढ्यात पहिल्या तुकडीतल्या मुलांनी येशूवर विश्वास ठेवण्याच्या करारावर सह्या केल्या. जाताना त्यांनी मुलांना महत्त्वाकांक्षी होण्याचा जो उपदेश केला तो आज सगळ्या जपानला पाठ आहे. त्यांचा धर्म कोणता होता ते फारसे कोणाला आठवत नाही. खरी गंमत पुढे आहे. जपानी ख्रिस्ती विचारवंतांमध्ये ज्यांचे नाव आधी घेतले जाते ते कान्झो उचिमुरा दुसऱ्या तुकडीत होते आणि ते दाखल झाले तेव्हा क्लार्क निघून गेलेले होते. उचिमुरांनी सही केली ती वरच्या वर्गातल्या मुलांच्या दडपणाखाली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याच तुकडीतले इनाझो नितोबे पुढे राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले. सहीच्या वेळी नाखूष असलेले उचिमुरा जन्मभर ख्रिस्ती राहिले, मात्र त्यांनी मुळात चर्चच नको असा ‘मुक्योकाई’ पंथ काढला. परदेशी शिक्षकापेक्षा कॉलेजातला सीनियर परिणामकारक ठरतो, हा या प्रकरणाचा धडा. उन्हाळी गटांच्या पुस्तिकांत मात्र क्लार्कचेच चित्र असते.

आता आवारात शिरण्याचा प्रश्न. मार्च १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला. त्या पंथात नामांकित विद्यापीठांतून शिकलेले बरेच तरुण होते. तेव्हापासून विद्यापीठे नव्या विद्यार्थ्यांना सावध करू लागली. सूचनांचा आशय साधारण असा असतो: अनोळखी माणूस फार प्रेमाने बोलू लागला, जेवायला किंवा गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावू लागला, आयुष्याचा अर्थ काय असे विचारू लागला आणि फोन नंबर मागू लागला, तर सावध राहा. उन्हाळी गटाचे कार्यपत्रक याच क्रमाने लिहिलेले असते. म्हणून शहाणे गट आधीच आपले नाव, चर्चचे नाव आणि हेतू स्वच्छ सांगतात, आवारातल्या नोंदणीकृत विद्यार्थी मंडळाच्या निमंत्रणावरच आत जातात आणि गिटार पहिल्या दिवशी बाहेर काढत नाहीत.

आत गेल्यावर आमिष एकच, आणि ते शंभर-दीडशे वर्षे टिकून आहे: इंग्रजी. जपानी विद्यार्थी शाळेत सहा वर्षे तरी इंग्रजी शिकून येतो. त्याला व्याकरणातले अपवाद पाठ असतात आणि ‘कसा आहेस’ या प्रश्नावर घाम फुटतो. फुकट संभाषणवर्गाची पाटी लागली की तो येतो, वेळेआधी पाच मिनिटे येतो, वही घेऊन येतो. चार जण एका टेबलाशी बसतात. पाहुण्याने छंद विचारायचा, त्याने संगीत ऐकणे सांगायचे. पाहुण्याने कसले संगीत विचारायचे, त्याने सगळ्या प्रकारचे सांगायचे. मग शांतता पसरते. अमेरिकन मुलाला तीन सेकंदांच्या शांततेत आपले काहीतरी चुकले असे वाटते आणि तो बोलत सुटतो. जपानी मुलगा त्या शांततेत वाक्य जुळवत असतो, ते जुळेपर्यंत विषय दोनदा बदललेला असतो. कोरियन आणि सिंगापुरी मुले इथे थोडी पुढे असतात. स्वतःही परीक्षेपुरतेच शिकून मोठी झालेली असल्यामुळे त्यांना वाट पाहता येते.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत विषय देवाकडे येतो. ‘तुझा देवावर विश्वास आहे का?’ या प्रश्नावर जपानी विद्यार्थी मान किंचित कलती करतो, दातांतून हवा आत ओढतो, बराच विचार करतो आणि म्हणतो की हा अवघड प्रश्न आहे. मग सगळे ऐकून घेतो. मधूनमधून मान हलवतो, हुंकार देतो, योग्य जागी ‘खरंच?’ म्हणतो. शेवटी सांगतो की फार रंजक आहे, विचार करून सांगतो. गटाच्या संध्याकाळच्या बैठकीत त्याच्या नावापुढे ‘उत्सुक’ अशी नोंद होते. स्थानिक पाळक ती नोंद पाहतात आणि काही बोलत नाहीत, कारण तेही जपानीच असतात. विचार करून सांगणारा माणूस सांगायला येणार नाही, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला समजवावे लागत नाही. तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडेही जड जाते, फक्त आपण ‘बघू’ म्हणतो. फरक एवढाच की जपानी मुलाचा हुंकार खोटा नसतो. तो खरोखर ऐकत असतो, आणि त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो. घरी देव्हारा असतो, त्यापुढे आजी तांदूळ ठेवते, नववर्षाला सगळे देवस्थानी जातात; विश्वास आहे का, हे मधे येतच नाही.

शासनाची आकडेवारीही याला साथ देते. संस्कृती खात्याच्या वार्षिक मोजणीत शिंतो आणि बौद्ध संस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा बरीच जास्त भरते, कारण एकच माणूस दोन्हीकडे धरला जातो आणि त्याची हरकत नसते. मूल जन्मले की शिंतो देवस्थान, मेल्यावर बौद्ध भिक्षू, आणि लग्नाला चर्च. लग्नाचे चर्च म्हणजे हॉटेलच्या आवारात बांधलेली रंगीत काचांची इमारत. तिथे नवरी पांढरा झगा घालून येते आणि पुष्कळदा एखादा परदेशी गृहस्थ झगा चढवून विधी लावतो. हा गृहस्थ आठवडाभर इंग्रजीचा शिक्षक असू शकतो. अशी लग्ने इतकी रूढ आहेत की उन्हाळी गटातल्या मुलाने ‘मी ख्रिस्ती आहे’ असे सांगितल्यावर समोरच्या मुलीने ‘किती छान, लग्न सुंदर होत असेल’ म्हणणे अगदी सरळ आहे. नाताळही असाच गोड करून घेतला गेला आहे. १९७४ पासूनच्या एका जाहिरात मोहिमेमुळे त्या रात्री केंटकीची तळलेली कोंबडी खायची रीत पडली आणि तिची मागणी लोक आधी नोंदवून ठेवतात. बेथलेहेमचा संबंध सांगायला बसलेल्या गटाला ऐकणारे हसून दाद देतात.

एवढा वेळ गट कुठे राहतो? चर्चच्या वरच्या मजल्यावर, नाहीतर भाड्याच्या छोट्या घरात. जपानचा खरा उपदेश इथे, रोज आणि विनाशुल्क मिळतो. दारातच बूट काढायचे. आतल्या चपला लाकडी जमिनीसाठी, तातामीच्या चटईवर त्याही नाहीत, आणि संडासासाठी वेगळा जोड. संडासातली चप्पल विसरून दिवाणखान्यात येणे हा प्रत्येक गटाचा पहिला अपराध असतो. कोणी रागावत नाही, फक्त सगळे जण खाली पाहतात. चपला दाराबाहेर काढण्याची सवय ज्यांच्या रक्तात आहे अशा आशियाई मुलांना वाटते आपण सुटलो. तीच पोरे तातामीवर सपाता घालून उभी सापडतात. संडास हे स्वतंत्र प्रकरण आहे. १९८० मध्ये टोटो कंपनीने बाजारात आणलेल्या वॉशलेटला पाण्याच्या धारेची, तिच्या जोराची, बैठक गरम करण्याची अशी बटणे असतात. स्त्रियांच्या स्वच्छतागृहांत पाणी वाहिल्याचा नुसता आवाज काढणारे यंत्रही बसवलेले असते, म्हणजे इतर आवाज झाकले जातात आणि खरे पाणी वाचते. कागदावर वाढलेल्या अमेरिकन मुलांची पाण्याशी पहिली ओळख इथे होते. याबाबतीत भारतीयांनी संयमाने गप्प राहावे.

पण शिस्तीचा कळस कचरा. स्थानिक नगरपालिका घरोघर एक तक्ता देते आणि तो पंचांगासारखा वाचावा लागतो: सोमवार-गुरुवार जळणारा कचरा, महिन्यातून ठराविक दोन दिवस न जळणारा, एका दिवशी बाटल्या आणि डबे, एका दिवशी कागद व पुठ्ठा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण वेगळे, वेष्टन वेगळे, बाटली विसळून, चेपून वेगळी. पिशवी सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी, कावळ्यांपासून राखणाऱ्या जाळीखाली. आदल्या रात्री ठेवायची नाही. तोकुशिमा प्रांतातले कामिकात्सु गाव तर कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार करते. वर्गीकरण चुकले तर गाडी पिशवी उचलत नाही. तिच्यावर एक चिठ्ठी लावून ती तिथेच सोडते आणि सगळ्या गल्लीला कळते की ही परदेशी पोरांची पिशवी. मग शेजारच्या आजी येतात, वाकून नमस्कार करतात, आपल्याच अडाणीपणाबद्दल क्षमा मागितल्यासारख्या पिशवी उघडतात आणि पिझ्झ्याच्या तेलकट खोक्याचे नेमके काय करायचे ते दाखवतात. आजींनी सुवार्तेचे पत्रक आधीच दोन्ही हातांनी स्वीकारलेले असते. ते त्यांनी पुढे कोणत्या दिवशीच्या कचऱ्यात ठेवले, हे विचारण्याचे धैर्य कोणालाही होत नाही.

पत्रके वाटणे हाही एक अभ्यासाचा विषय. टोकियोतल्या स्टेशनांबाहेर जाहिरातीची चिठ्ठी घातलेली कागदी रुमालांची छोटी पाकिटे फुकट वाटली जातात, उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या काडीचे हातपंखेही. लोक नुसता कागद घेत नाहीत, पण रुमाल घेतात आणि ३५ अंशाच्या दमट दुपारी पंखा तर मागून घेतात. हे ओळखून काही चर्च पंख्यावर उपासनेची वेळ छापतात. पंखा लोकांच्या हातात दिसतो, मोबाइल दुकानाच्या आणि दंतवैद्याच्या पंख्यांच्या शेजारी.

प्रवासात गटाला बोलण्याची चटक आवरावी लागते. आगगाडीच्या डब्यात फोनवर बोलायचे नाही, आपसातही हळू. सरकत्या जिन्यावर टोकियोत डाव्या बाजूला उभे राहायचे, ओसाकात उजव्या. एका शहरात महत्प्रयासाने लागलेली सवय दुसऱ्या शहरात अडथळा ठरते. गाडीला उशीर झाला तर रेल्वे कंपनी उशिराचा दाखला देते आणि विद्यार्थी तो प्राध्यापकांपुढे ठेवतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती. अशा देशात प्रार्थना लांबली म्हणून दहा मिनिटे उशिरा पोहोचणारा गट कोणते कारण सांगणार? दाखला देणारे कोणी नसते.

रविवारची उपासना लहान असते. जपानमधल्या पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत वीस-तीस माणसे जमतात आणि त्यांतली अर्धी साठीपुढची. दहा विद्यार्थ्यांचा गट आला की हजेरी एका आठवड्यात वाढते आणि पुस्तकात तशी नोंद होते. ऑगस्टमध्ये ती पुन्हा मूळ पदावर येते. दाराशी बूट काढून चपला घालायच्या, कार्ड भरायचे. पाळकांना सगळे ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणतात. दान पिशवीतून फिरते, म्हणजे हात आत घातल्यावर कोणी किती टाकले ते दिसत नाही. उपदेश दुभाष्यामार्फत होतो. त्यामुळे विनोदावर मंडळी दोनदा हसतात, एकदा कळल्यामुळे आणि एकदा पाहुण्यांना बरे वाटावे म्हणून. मग सूचना. मग पुढच्या आठवड्याच्या सूचना. मग नव्या पाहुण्यांनी एकेक करून उभे राहून नाव, गाव आणि जपानमधला आवडता पदार्थ सांगायचा. आवडता पदार्थ सांगताना सुशी म्हटले की पसंतीची मान हलते. आंबवलेल्या सोयाबीनचा तार सुटणारा ‘नात्तो’ आवडतो असे कोणी म्हटले तर टाळ्या पडतात, आणि पुढच्या रविवारी त्याच्यासाठी घरून डबा भरून येतो. नाही म्हणायची सोय तोवर उरलेली नसते.

उपासनेनंतरचे जेवण बहुधा करी-राइस. करी जपानला पोहोचली ती ब्रिटिशांमार्फत, मेइजी काळात. आरमाराच्या मुदपाकखान्याने ती पसरवली. १९२७ मध्ये क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात भारतीय पद्धतीची करी सुरू केली, पण चर्चच्या पातेल्यातली करी त्या घराण्याची नव्हे. ती घट्ट, तपकिरी, किंचित गोडसर असते. चॉकलेटसारख्या वड्यांचे पाकीट उघडून करतात आणि १९६३ पासून लोकप्रिय असलेल्या एका वाणात सफरचंद आणि मध असल्याचे वेष्टनावरच लिहिलेले असते. गटात भारतीय वंशाचा एखादा विद्यार्थी असला की सगळ्या काकू त्याच्याभोवती जमतात आणि विचारतात, तुमच्याकडची अशीच असते का? पहिल्या रविवारी तो खरे सांगायला तोंड उघडतो आणि दुभाषा त्याचे भलतेच सौम्य भाषांतर करतो. चौथ्या रविवारी तो मान किंचित कलती करतो, थोडा विचार करतो आणि म्हणतो की वेगळी आहे, पण फार छान आहे. मुलगा जपानी शिकला.

जुलैचा मध्य उलटला की पाऊस थांबतो आणि एकदम सगळीकडे सेमी, म्हणजे झाडावरचे कर्कश किडे, ओरडू लागतात. सकाळी साडेसहाला मैदानावर रेडिओच्या तालावर कवायत होते. १९२८ पासून चालत आलेल्या या कवायतीला सुट्टीत शाळकरी मुले येतात आणि कार्डावर हजेरीचा शिक्का घेतात. गटातल्या एखाद्याने तिथे जायला सुरुवात केली की आठवड्यात त्याला गल्लीतले सगळे म्हातारे ओळखू लागतात. दोन महिन्यांच्या संभाषणवर्गांनी जे साधत नाही ते दहा मिनिटांच्या हातवाऱ्यांनी साधते, तेही एक शब्द न बोलता.

याच काळात जत्रा येतात आणि गटासमोर धर्मसंकट उभे राहते. विद्यार्थी आपण होऊन बोलावतात, युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, नेसायला देतात, आणि जत्रा असते शिंतो देवस्थानाची. जायचे का? गटप्रमुख बायबल उघडतात, मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याविषयी पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेला मजकूर काढतात आणि तासभर चर्चा होते. निर्णय साधारण असा लागतो: तोरीईच्या कमानीपर्यंत जावे, टाळ्या वाजवून नमस्कार करू नये, ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले गोळे, खाण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यांना ही चर्चा समजावून सांगितली की ते थक्क होतात, कारण त्यांच्या लेखी ते ताकोयाकीलाच चाललेले असतात. जाळीच्या जागी पातळ कागद लावलेल्या पळीने सोनेरी मासे पकडायचा खेळ असतो. कागद भिजून फाटतो, मासा निसटतो आणि ‘तुम्हांला माणसे धरणारे करीन’ या येशूच्या वचनावरचा विनोद गटातला कोणीतरी करतोच. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन येतो. पितर घरी येतात अशी समजूत, म्हणून सगळे शहर गावाकडे जाते, आणि एखादा गट तोवर थांबलेला असला तर संभाषणवर्गाच्या टेबलाशी एकटा पाहुणा बसून राहतो.

उन्हाळ्यातला खरा यशस्वी कार्यक्रम म्हणजे परीक्षा संपताच डोंगरात भरणारे दोन रात्रींचे इंग्रजी शिबिर. इथे विद्यार्थी येतात, कारण पैसे आधी भरलेले असतात. डोळे बांधून काठीने कलिंगड फोडणे, फुलबाज्या, एकत्र गरम पाण्याचे स्नान. त्या स्नानगृहात कपडे न घालता उतरायचे असते आणि गटातले निम्मे लोक ऐन वेळी सर्दी झाल्याचे सांगतात. शेवटच्या रात्री शेकोटीपाशी कोणीतरी आपली साक्ष देतो, आणि दोन महिने मान हलवत बसलेला एखादा विद्यार्थी अचानक बोलू लागतो. वडिलांशी बोलणे होत नाही हे सांगतो; काळा सूट घालून वीस कंपन्यांच्या मुलाखतींना जायचे आहे आणि तिथे मी कोण हे सांगायचे आहे, पण मी कोण ते ठाऊक नाही, हे सांगतो. तो जपानी बोलत असतो, दुभाषी मुलगी मधेच थांबून डोळे पुसते, आणि गटाला अर्धेच कळते. एवढ्यासाठी आठ आठवडे खर्च झाले असतील तर हिशेब वाईट नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तोच मुलगा सगळ्यांची नम्रपणे माफी मागतो की काल रात्री आपण जरा जास्त बोललो.

निघताना निरोपसमारंभ होतो. प्रत्येक विद्यार्थी भेट आणतो, भेटीला सुंदर कागद असतो, आणि कागद टाकायचा तर मंगळवारची वाट पाहावी लागते. लाइन या अॅपवर गट तयार होतो. पहिला आठवडा संदेशांचा पूर येतो, पुढचा आठवडा अस्वलाची चित्रे येतात, मग वाकून नमस्कार करणारे अस्वल तेवढे येते. गटप्रमुख मायदेशी पाठवायचा अहवाल लिहितात: इतके संभाषणवर्ग, इतके विद्यार्थी, पैकी उत्सुक इतके. बाप्तिस्म्याच्या रकान्यात बहुतेक वर्षी शून्य असते आणि त्याशेजारी ‘बीज पेरले’ असे लिहिण्याची प्रथा आहे. ज्या दोन-तीन विद्यार्थ्यांच्या मनात खरेच काही हलले असते ते अहवाल गेल्यावर, ऑक्टोबरात, कोणालाही न सांगता रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतात. त्यांना तिथे आणलेले असते ते बहुधा कॉलेजातल्या एखाद्या सीनियरने.

शेवटी घर रिकामे करायचे असते. एक मोडका पलंग उरतो. मोठे सामान नेहमीच्या गाडीत जात नाही. नगरपालिकेला फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून शुल्काचे स्टिकर आणून चिकटवायचे आणि ठरल्या सकाळी तो दारात ठेवायचा. फोन करायला गट उशीर करतो, मिळणारी तारीख विमानानंतरची असते, आणि पलंग बाहेर काढून ठेवण्याचे काम सेन्सेईंकडे येते. पुढच्या वर्षीच्या गटाला याबद्दल आधीच सांगून ठेवाल का, असे जाताना कोणीतरी त्यांना विचारतो. ते हसतात आणि विचार करून सांगतो म्हणतात.